चार्जिंग मशीनवर फोडलेला नारळ

जबाब

पौर्णिमा नवनाथ जोगदंड, वय ३४ वर्षे, धंदा इलेक्ट्रिक टॅक्सी चालवणे, रा. पाली, ता. जि. बीड.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी चालवते ती टॅक्सी माझ्या नावावर असून तिच्यावरच आमचे घर चालते.

पालीजवळ महामार्गावर सरकारी अनुदानातून चार्जिंग स्टेशन झाले आहे. त्याचे ठेकेदार अंगद बद्रीनाथ यांनी काल मला फोन करून उद्घाटनाला बोलावले. पहिली गाडी बाईची असली की फोटो चांगला दिसतो, असे ते म्हणाले. बॅटरी उतरवून या, असेही त्यांनीच सांगितले. म्हणून मी गाडी विनाकारण बीडपर्यंत फिरवून आणली.

आज सकाळी तेथे पूजा झाली. शेजारच्या हॉटेलचे मालक मन्मथप्पा यांनी नारळ पायरीवर फोडा म्हणून दोनदा बजावले. तरी अंगद यांनी तो मशीनच्या कडेवर आपटला. पाणी आत गेले, चर्र आवाज झाला आणि स्क्रीन बंद पडला. माझी गाडी तेव्हा मशीनला लावलेलीसुद्धा नव्हती.

मशीन बंद आहे असे मी म्हणाले, तेव्हा अंगद म्हणाले, "तुमी वायर नुसती खोसा, ताई. फोटोत करंट दिसत न्हाई." मी खोसली. हसायला सांगितले, तेही केले.

संध्याकाळी समजले की, माझ्या गाडीमुळे मशीन जळाले अशी त्यांनी तक्रार दिली असून पुरावा म्हणून तोच फोटो जोडला आहे. चूक त्यांची ठरली तर अनुदान अडकते, म्हणून ती माझ्यावर ढकलली. बॅटरी उतरलेली माझी गाडी पोलिसांनी ट्रॅक्टरला बांधून ठाण्यात आणली. गावातली माणसे रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती.

मी गाडी परत मागितली असता जमादार म्हणाले, "मशीन सरकारी हाय ताई, कुणाचं तरी नाव लावावंच लागंल." याचा मला भयंकर संताप आला, अजून आहे. हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते. मी लिहायला लावले आहे.

माझी गाडी मला परत मिळावी.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. पहिल्या वाचनात "नारळ फुटला" असे लिहिलेले होते. ते खोडून "अंगद यांनी आपटला" असे केल्यावर जबाब बरोबर झाला, म्हणून सही करते.