आईच्या अंगठ्याचा डोंगर

परवा तर माझा जीवच गेला होता. दुर्बिणीच्या आरशासाठी तीन महिने हातानं घासलेली काच मी आमच्या कुंडलच्या घरी तपासायला घेतली. खोलीत अंधार करून समोर दिवा आणि ब्लेड लावलं, की ब्लेडच्या कडेनं पाहताना काचेवरचा उंचसखलपणा सावलीत दिसतो. पाहतो तर चारी बाजूंनी काठ खाली गेलेला. पुन्हा पहिल्यापासून घासायचं म्हणून मी पावडर काढली, तेवढ्यात आई म्हणाली, "आता आणि कशाला घासायची? मी मगाशीच धुतली की, कढत पाण्यानं."

म्हणजे काच अजून गरम होती, म्हणून तिचा आकार बदलला होता. गरम झाली की काच फुगते, असं आईला सांगून मी पावडर ठेवून दिली. तासाभरानं पाहिलं, काठ जागेवर आला होता.

"काच कुठं फुगती व्हय रं?" आईला पटेना.

मी तिला पन्नास आकडे मोजेपर्यंत काचेवर अंगठा टेकवायला लावला आणि ब्लेडपाशी डोळा लावून बसवलं. काचेवर अंगठ्याएवढा डोंगर उभा होता.

"आरं देवा, माज्यानं बिघडली."

"बघत राहा तू."

डोंगर हळूहळू बसत गेला. मग आई डोळा न हलवता म्हणाली, "आता तुजा अंगठा ठेव. मी हितनं उठत न्हाई."