तिसरं कडवं

— नाही बसत, तानुबाई, किती वेळा सांगू? तुझ्या भीमराजचं नाव ह्या कवितेत नाही बसत. उभी का आहेस, टेक की — तिथंच, पायरीखाली, सावली आहे तिथं. कविता म्हणजे तुझ्या कॅन्टीनची आमटी नव्हे, माणसं वाढली की ओत पाणी. पंधरा ऑगस्टला हुतात्म्यांचा दगड उभा राहणार, चिंचवडहून कंपनीचे साहेब येणार, सगळ्या चिखली गावासमोर मी ती वाचणार — पाथरवटानं दगडावर निम्मी कोरलीसुद्धा. आणि आता तू म्हणतेस, गुरुजी, माझ्या पोराचं नाव घाला. इतके दिवस झोपली होतीस का?

तसं नव्हे गं, मला काय त्याचं वैर? माझ्याच हाताखाली शिकला. दाराबाहेर बसायचा, पण पाढे खणखणीत — कबूल. पण कविता रणात पडलेल्यांची आहे. बबनरावांचा गेनू रणात पडला. तुझा भीमराज त्याच पलटणीतला, पण गेला ट्रक उलटून — वाईट झालं, पण ट्रक तो ट्रकच. ट्रकावर कविता करू? लोक हसतील, मग तुलाच लागेल ते. तुझ्या भल्याचंच सांगतोय मी.

बरं, आलीच आहेस तर ऐक एक कडवं, तिसरं —

*पोटी गोळी, खांद्यावरती जखमी जोडीदार,*
*चिखल तुडवित गेनू निघाला, शत्रूचा भडिमार*

बघ, आला ना काटा अंगावर? बबनराव लहान पोरासारखे रडले ऐकताना. पोराचा बाप तो, रडणारच — पण इथं आख्खं गाव रडणार, लिहून ठेव.

काय म्हणालीस? खांद्यावरचा कोण? अगं, असतो कुणीतरी, कवितेत असं नावगाव विचारत नाहीत. आणि मनाची नाही हं ही ओळ. त्यांच्या पलटणीतला एक जवान आला होता होळीला — तू ओव्हरटाइमला होतीस पिंपरीत — बबनरावांच्या ओसरीवर बसून सांगत होता. काय सांगू तुला, ऐकताना हातातला चहा निवला माझा. वरून गोळ्या, खाली गुडघाभर चिखल, सगळे ओरडतायत, पड खाली, मेलेल्यासाठी मरू नकोस — आणि हा गडी कुणाचं ऐकेना. गेनूचे तर दोन्ही पाय गेलेले, पाण्यासाठी हाका मारायचाही थांबला होता बिचारा, तरी त्याला खांद्यावर टाकून, स्वतःच्या पोटात गोळी असताना —

असो. ऊन चढलं. तू जा आता.

अशी काय बघतेस? दोन्ही पाय गेलेला माणूस कुणाला खांद्यावर घेईल, एवढं तुला कळतं, ठाऊक आहे मला. बरं मग, कळलं तर कळलं. दगड बबनरावांच्या जागेत, खर्च बबनरावांचा — त्यांनी काय सांगायचं गावाला? पोटचा पोरगा तुझ्या पोराच्या खांद्यावर गेला? ज्याला कधी ओसरी चढू दिली नाही, त्याच्या? तारेत नुसतं गेला एवढंच होतं; तो जवान सांगून गेल्यावर ट्रकाचं मीच सुचवलं त्यांना, मीच येऊन सांगितलं तुला. सुटसुटीत होतं. आणि तुला काय फरक पडणार होता गं, कसाही गेला असता तरी गेलाच होता की तो.

आणि बाहेर बोलायची असशील, तर तुझी लेक नीला आठव. कंपनीत लागायचीय ना ती? बबनरावांच्या शब्दाशिवाय गेटच्या आत घेतात का आपल्या गावचं कुणी? मग. जिभेला गाठ मार.

आता काय? पुन्हा वाचू? तेच कडवं? नाही, आता नाही. कागद सोड, तुला वाचता येतंय का? सोड म्हणतो ना.

पंधरा तारखेला ये की, मिळेलच ऐकायला. धुतलेलं लुगडं नेस, मागं उभी राहा, गेनूच्या आईजवळ जाऊ नकोस. टाळ्या वाजव सगळ्यांबरोबर. तिसऱ्या कडव्याला गाव रडेल, रडू दे. तू तेवढी रडू नकोस — लोक विचारतील, ही का रडतेय म्हणून.

जा. आणि जाताना फाटक ओढून घे, शेळ्या शिरतात.