पाइपाच्या आत कोण बघतंय?

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आपल्या कंपनीचे मालक, ज्यांच्यासाठी हे हारतुरे आणलेत ते आपले सुपरवायझरसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, आणि समोर बसलेल्या माझ्या छपरावरच्या सोबत्यांनो,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. मालक घड्याळाकडे बघतायत, दिसतंय मला. पण मालक, साहेबांसारखा माणूस काय रोज निवृत्त होतो?

छपरावर पाइप टाकावा तर साहेबांनीच! सोलर पॅनलपासून मीटरच्या खोलीपर्यंत तारा ज्या लोखंडी पाइपातून जातात, तो पाइप साहेबांच्या नजरेखालून गेला की सुतासारखा सरळ. एखादा क्लॅम्प बोटभर खाली बसला तरी साहेब आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. माफ करा काकू, घरी तुम्हालाही अनुभव असेलच. साहेबांचं म्हणणं एकच, जे दिसतं ते चकचकीत पाहिजे. पाइपाच्या आत कोण बघतंय? हसा, हसा. तुम्ही सगळ्यांनीच ऐकलंय ते.

एक माणूस मात्र आत बघायचा. माझा थोरला भाऊ. पाइप कापला की आतल्या काठाला धार राहते, आणि त्या धारेवरून तार ओढली की तिच्यावरचं प्लास्टिक सोललं जातं. म्हणून दादा प्रत्येक काप कानशीने घासायचा, मग आत बोट फिरवून बघायचा, आणि बोटाला काही लागलं नाही तरच पुढे सरकायचा. साहेबांनी त्याचं नाव सोनार ठेवलं होतं. "अरे सोनारा, पाइप टाकतोयस का बायकोला बांगड्या घडवतोयस?" काय हशा पिकायचा! दादा स्वतःही हसायचा.

मग त्या कोल्ड स्टोरेजच्या छपराचं काम आलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन, बडे पाहुणे येणार. साहेबांनी दादाच्या हातातली कानस काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाले, "आज तारा ओढून मोकळं व्हायचं. अर्थिंग उद्या बघू." दादा म्हणाला, "साहेब, काठ तसेच राहिलेत." त्यावर साहेब काय म्हणाले असतील? बरोबर. तेच म्हणाले.

सकाळी पाहुण्यांसाठी पॅनल धुतली. छपरावर पाणीच पाणी. आणि पॅनलला काही बटण नसतं, ऊन पडलं की करंट सुरू. आत कुठेतरी सोललेल्या तारेने सगळा पाइप जिवंत केलेला, आणि तो करंट जमिनीत न्यायला अर्थिंग नाही. दादा क्लॅम्प पुसायला वाकला आणि त्याने पाइपावर हात टेकला. मी शिडीवर होतो. मी वर पोचेपर्यंत तो गेला होता. पाइप मात्र अगदी सरळ होता हो साहेब, लोक खालून बघत होते.

अध्यक्ष महाराज, घंटा वाजवू नका, संपवतोच.

चौकशी झाली. साहेबांनी सांगितलं, हातमोजे घातले नव्हते, बेफिकीर माणूस होता. बेफिकीर! माझा दादा! तो शब्द कंपनीने उचलला, मग आमच्या गल्लीने उचलला. आता त्याच्या लेकीला शाळेत पोरं विचारतात, तुझे बाबा स्वतःच्या चुकीने गेले ना? तिसऱ्या रांगेत खिडकीशी माझी वहिनी बसलीय. यायला नको म्हणत होती. मी तिला ओढून आणलंय.

आता आनंदाची बातमी. कंपनीने साहेबांना निरोपाची भेट म्हणून त्यांच्या नव्या घरावर सोलर बसवून दिलंय. टाळ्या होऊन जाऊ द्या! पाइपाचं काम मी मागून घेतलं. परवा साहेब गच्चीवर आले, एक डोळा मिटून पाइप बघितला, माझी पाठ थोपटली. म्हणाले, "शिकलास की रे!" काकूंनी चहा दिला आणि पाइपाला टेकून माझ्याशी गप्पा मारल्या. नात अनवाणी गच्चीभर पळत होती. भारी गोड पोरगी आहे.

साहेब, आतले काठ घासले का, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. कशाला विचाराल म्हणा. अहो, घाम काय पुसताय, पंखा तर तुमच्याच डोक्यावर आहे! सगळ्या तारा उपसल्याशिवाय ते आता कोणाला कळायचं नाही. किंवा मी सांगितलं तर कळेल.

आता साहेब उत्तराला उभे राहतील. भाषण त्यांच्या वरच्या खिशात आहे, जिथे कानस टाकली होती त्याच खिशात. साहेब, त्यात एक वाक्य वाढवा. कानस कोणी काढून घेतली, एवढंच सांगा, पण वहिनीकडे बघून. मग मी तुमच्या पाइपाच्या आतलं सांगतो. नाही सांगितलंत तरी माझी जबरदस्ती नाही. काकू, तुम्ही मात्र पोरीला तेवढ्या चपला घाला.

ज्यांनी मला इथे बोलायला उभं केलं त्यांचे आभार, आता त्यांना पस्तावा होत असला तरी. बोलताना माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. कामात चुकलं असेल तर ते बाहेरून दिसायचं नाही.

या साहेब, घ्या माइक. अहो, धरा की! लोखंडी आहे म्हणून हात का मागे घेताय?