बोटांना सुई कळेना

अहो नाही, कमरेत नाही, दंडातच — बाही जरा वर घ्या, आणखी थोडी, हं, आणि हात सैल सोडा, लाकडासारखा ताठ केलात तर मलाही त्रास आणि तुम्हालाही. खेळाचे शिक्षक ना तुम्ही? शिट्टी अजून गळ्यातच आहे म्हणून विचारलं. मग काय — दिवसभर पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावता आणि एवढ्याशा सुईला... नाही, हसत नाहीये मी. एकोणीस वर्षं या खोलीत इंजेक्शनं देतेय, पहाडासारखी माणसंच आधी डोळे मिटतात. लहान मुलं निदान रडून मोकळी होतात. लाल का आहे? रक्त नाही हो ते, औषधाचाच रंग, बी-ट्वेल्व्ह लालच असतं. आणि गोळी का नाही म्हणाल, तर तुमच्या कागदावर लिहिलंय ना डॉक्टरांनी — काहींचं पोट ते शोषूनच घेत नाही, कितीही चांगलंचुंगलं खा, अंगाला लागतच नाही. म्हणून थेट दंडात. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक. पायांना मुंग्या येतात म्हणालात ना? जातील. लवकर आलात तुम्ही, तेच मोठं असतं. झालं बघा — टोचलंसुद्धा. कापूस दाबून धरा, चोळू नका. आणि लगेच उठू नका, पहिल्या वेळी जरा बसवतो आम्ही, उगाच दारात चक्कर यायला नको.

बसल्या बसल्या एक सांगते. आमच्याकडे एक शिवणबाई येतात, सत्तरीच्या. दुकानबिकान नाही, घरातच पुढच्या खोलीत मशीन. नवरा अर्ध्यावर सोडून गेला — म्हणजे वारला हो, पळून नाही गेला — आणि बाईंनी त्या मशीनवर मुलगा आणि मुलगी दोघांना मोठं केलं. काजं करावीत तर त्यांनीच, गावातले बाकीचे शिंपी त्यांच्याकडे काजांना कपडे पाठवायचे. तर दोनेक वर्षांपूर्वी बाईंचं काहीतरी बिनसायला लागलं. हातातून कप सुटायचे. चालताना भिंतीला हात लावत चालायच्या. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारायच्या, आणि सांगितलं की वर आपल्यावरच चिडायच्या. एका माणसाच्या पँटचा एक पाय चार बोटं आखूड शिवला — तो बिचारा हसला, पण बाई नाही हसल्या, दारं लावून बसल्या. घरच्यांनी ठरवून टाकलं, वय झालं. वय झालं म्हटलं की सोपं असतं ना, पुढे डोकं चालवावं लागत नाही. मग एक दिवस सुनेच्या पांढऱ्या कोटाचा खिसा उसवला होता, तो बाईंनी शिवून दिला — आणि खिशाच्या कडेनं हे बारीक बारीक लाल ठिपके. सुई बोटात गेली होती. एकदा नाही, सात-आठ वेळा. आणि बाईंना पत्ता नाही. आता जन्मभर सुई धरलेल्या बाईला बोटात सुई गेलेली कळत नाही, म्हणजे बोटांना काहीतरी झालंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल की नाही? तर सून काय म्हणाली माहितेय — म्हणाली, आता हा कोट घालून मी पेशंटांसमोर उभी राहू कशी.

हं. पेशंट म्हणाले ना मी. चांगलं लक्ष आहे तुमचं, वर्गात पोरांची धडगत नसेल. हो, मीच ती सून. सासूबाई माझ्या. आता तोंडातून गेलंच आहे तर लपवू काय — दिवसाला चाळीस जणांना विचारते, मुंग्या येतात का, बोटं बधिर होतात का, आणि घरात माझ्यासमोर माणूस भिंत धरून चालतोय, तर मी म्हणतेय, सासूबाई, नीट बघून चाला. नवरा म्हणाला, आईला एकदा दवाखान्यात दाखवूया का, तर मीच म्हटलं, म्हातारपणाला औषध असतं का. असं म्हणाले मी. नर्स आहे ना, माझं ऐकतात सगळे.

आणि मशीन नणंदेकडे पाठवून दिलं. त्यांच्या भल्यासाठी म्हणून — बोट सुईखाली जाईल, काहीतरी होऊन बसेल. दोन माणसं उचलून न्यायला आली तेव्हा सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या. मला वाटलं, कळलंच नाही त्यांना. सोपं वाटलं मला. इतकं सोपं वाटलं की पुढच्याच आठवड्यात मी वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला. नवऱ्याला न सांगता. अर्धा भरून कपाटात टॉवेलांखाली ठेवला, म्हटलं बोलू योग्य वेळी.

नाही, डॉक्टरांनी नाही हो पकडलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. सासूबाईंची कवळी टोचत होती म्हणून घेऊन गेले, तर त्या पोरीनं — पोरगीच, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची — कवळी राहिली बाजूला आणि जिभेवर दिवा धरला. जीभ लालभडक, काचेसारखी गुळगुळीत. मला विचारते, यांचं बी-ट्वेल्व्ह कधी तपासलंय? आणि मग विचारते, तुम्ही काय करता? काय सांगायचं होतं मी? गृहिणी आहे म्हणून सांगितलं.

रिपोर्ट आला तर आकडा असा की डॉक्टरांनी चष्मा काढून परत वाचला. मग सुरू केली इंजेक्शनं, घरी मीच द्यायची. सासूबाई बाही वर करायच्या आणि खिडकीकडे बघत बसायच्या. महिना झाला, फारसं काही नाही. सव्वा महिना झाला असेल, मी भाजी चिरत होते, तर आतून आल्या, माझ्यापुढे बोट धरलं, टोकावर रक्ताचा एवढासा थेंब, आणि म्हणाल्या, दुखलं. उशीला टाका घालत होत्या. कुणाच्या दुखण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मशीन परत आणलं. सगळ्यांचंच असं भरून येत नाही हं, नाहीतर तुम्ही आपल्या आजोबांना उद्या घेऊन याल — म्हणजे आणा, तपासायला काय जातंय, पण प्रत्येकाचं विसरणं यातलंच असतं असं नाही. सासूबाईंचंही डावं पाऊल अजून थोडं बधिरच आहे. पण डोकं असं लख्ख झालं की बघा, वाणी घाबरतो आता त्यांना.

हो, तेच. लख्ख झालं म्हणजे सगळंच लख्ख झालं ना. टॉवेल काढायला गेल्या असणार. मी महिन्याभरानं तो फॉर्म फाडून टाकावा म्हणून काढला — फाडायला तरी कशाला एवढे दिवस लावले, देव जाणे — तर त्यात एक रकाना होता, समज. त्यापुढे मी लिहिलं होतं, नाही. ते खोडलेलं, आणि वर शिवणाच्या पेन्सिलीनं लिहिलेलं, आहे. बाकी एक अक्षर नाही. घडी घालून होता तसा ठेवलेला. नवऱ्याला सांगितलं नाही त्यांनी. मलाही काही नाही. त्या संध्याकाळी इंजेक्शनची पाळी होती. मी औषध भरलं, सुई दंडाशी नेली आणि तशीच थांबले, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि सासूबाईंनी त्या दिवशी खिडकीकडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, माझं मनगट धरून ठेवलं जरा वेळ, आणि म्हणाल्या, "टोच गं. दुखलं तर सांगेन मी."

चौदा महिने झाले. अजून तरी काही बोलल्या नाहीत.

...

कापूस टाका त्या डब्यात. परवा या, याच वेळेला, आणि बाही ढगळ असलेला शर्ट घाला. दार उघडंच ठेवा जाताना — पुढचं कोण आहे, या आत.