तपस्विनीच्या पिल्लांचं बारसं

प्राणिमात्रांची सेवा हीच परमेश्वराची पूजा, असं आमच्या दारावर पितळी पाटीवर कोरलेलं हाय. सूनबाईनं कोरून घेतलंय. पाटी लई चकचकीत दिसती, कारण ती मी पुसतो. सेवाबी मीच करतो. पूजा कोण करून राहिलंय, ते मला अजून दिसलं न्हाई.

मी मूळ भोकरकडचा. शेती भावानं धरली आन मी लाल गाडीवर कंडक्टर झालो. सगळी नोकरी भोकर-इस्लापूरच्या अंगाला गेली. पावसाळ्यात माणसं सहस्रकुंडचा धबधबा बघायला गाडी भरभरून यायची, तिथं भजी खायची, आन परतीला ती भजी गाडीत बाहेर काढायची. काय सांगू तुम्हाला, माणूस किती परीनं ओकू शकतो हे कंडक्टरला विचारावं, डॉक्टरला न्हाई. झाडूवाला डेपोत, डेपो लांब, मग राखेचा डबा घेऊन मीच. रिटायर झालो त्या दिवशी साहेब भाषणात म्हणले, नारायणरावांनी जनतेची सेवा केली, आन गळ्यात हार घेऊन मी मनात म्हणलं, झालं, आता दुसऱ्याची घाण पुसायची न्हाई. तेवढं ठरवून बायकोला घेऊन नांदेडला पोराकडं आलो.

तर पोराच्या घरात कुत्री. सुनील हापिसात जातो, सूनबाई वर्षा कॉलेजात संस्कृत शिकवती, म्हणून कुत्रीचं नाव तपस्विनी. तपस्विनी, शी शी, तिथं न्हाई, असं दिवसभर वरडायला मी घरी.

त्या तपस्विनीला पाच पिल्लं झाली. झाली म्हणजे काय, पिशवीत गुंडाळलेलं एकेक लिबलिबीत बाहेर आलं, तिनं पिशवी खाल्ली, नाळ खाल्ली, वरून वारबी खाल्ली, आन त्या दिवशी मी जेवलो न्हाई. सूनबाई म्हणली, बाबा, मातृत्व किती सुंदर असतं ना. मी म्हणलं, हाव.

पिल्लाला सुरवातीचे दोन-तीन हप्ते आपलं आपण मुतता-हगता येत न्हाई, हे मला साठी उलटल्यावर कळलं. आईनं खालून चाटलं की मग होतं, आन जे होतं ते ती गिळती. सगळं साफ. मग त्याच जिभेनं उठून सूनबाईचा गाल चाटायची, आन सूनबाई डोळे मिटून म्हणायची, बघा, कशी कृतज्ञता व्यक्त करती. मी एकदा सांगायला तोंड उघडलं. बायको म्हणली, तुम्ही गप बसा हो. बसलो.

पाचातलं एक मूठभर होतं. ते बाकीच्यांच्या खाली दबायचं, आईच्या जिभेच्या वाट्याला यायचंच न्हाई, म्हणून डॉक्टरनं सांगितलं, कापूस कोमट पाण्यात बुडवून शेपटीखाली हळू पुसा. पुसायचं कुणी? घरी कोण हाय? घंटीची दोरी ओढली की माझी गाडी थांबायची, इथं कापूस लावला की सुरू व्हायची. मग माझा जुना खाकी शर्ट फडक्याला काढला. तपस्विनीच्या अंगाखालचं, सांडलेलं दूध, मूत, सगळं त्यात मुरलं. बायकोनं त्याला घरबंदी केली. मशिनीत न्हाई, मोरीत न्हाई, तो कंपाउंडच्या भिंतीवर. धुवून देणार कोण? तो वाळायचाबी न्हाई, नुसता कडक व्हायचा.

अशात सूनबाईनं काढलं की बाराव्या दिवशी बारसं. पाळणा आणला, जिलबी-मठ्ठा सांगितला, कॉलेजचे माजी प्राचार्य पाहुणे. मी इचारलं, म्हणजे माझं सोयर आज फिटलं का, देवळात जाऊ का? कुणी हसलं न्हाई. पाहुण्यांना वास नको म्हणून सकाळीच तपस्विनीची गोधडी घंटागाडीत टाकली आन सगळी फरशी फिनेलनं पुसली. बायकांनी पिल्लं पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात दिली, कुणी दस्ती नाकाला लावून. नावं ठेवली तेजस्वी, ओजस्वी, यशस्वी, मनस्वी. पुढं शब्द सुचेना, म्हणून मूठभर त्याचं नाव चिरंजीव.

प्राचार्य भूतदयेवर लई बोलले. मग आपल्या रीतीनं त्यांना अत्तर लावलं, तर त्यांना वाटलं उत्सवमूर्ती तशाच राहिल्या. त्यांनी अत्तरदाणी घेतली आन खुद्द आपल्या हातानं पाचही पिल्लांच्या पाठीवर फाया फिरवला. टाळ्या पडल्या.

पिल्लं आईपुढं ठेवली. तिनं हुंगलं, शिंकली, आन उठून गेटपाशी जाऊन बसली. परत जवळ नेली तर गुरगुरली. पिल्लं मिटल्या डोळ्यांनी मान वर करून नुसती कुईकुई. चिरंजीवचा तर आवाजच बंद. हात लावला तर गार. बाहेर मंडळी मठ्ठ्यात मीठ मागून राहिली आन आत सूनबाईचं तोंड उतरलं. तिनं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणला, गार पिल्लाला दूध पाजू नका, आधी अंगाची ऊब द्या. कोमट ओल्या कापडानं अत्तर पुसा, कोरडं करा, मग आईचं अंथरूण त्यांच्या अंगाला चोळा, तिचा वास लागू द्या.

अंथरूण घंटागाडीत गेलेलं. फरशीला फिनेल. सूनबाई रडकुंडीला आली. बायको माझ्याकडं बघून म्हणली, ओ, तुमचा तो शर्ट. त्या शर्टाचं नाव तिनं शिवीबिगर घेतलं ते तेवढ्याच वेळी.

चिरंजीवला बनियनच्या आत पोटाला धरला. गार, बुळबुळीत गोळा, काटा आला अंगावर, पण सोडला न्हाई. बाकीच्यांना सूनबाईनं पुसलं आन तो कडक शर्ट स्वतः चोळला, नाक न मुरडता, हे कबूल करतो. तपस्विनीला आत आणलं. ती हुंगत राहिली, हुंगत राहिली, आन आडवी झाली. चौघं चिकटली. माझ्या पोटावर जरा वळवळ लागली, ऊब आली, तेव्हा चिरंजीवलाबी पुसून, शर्टात घोळून खाली ठेवला. तो रांगत, धडपडत गेला आन दूध प्यायला लागला. सूनबाई रडली. तपस्विनीनं तिचा गाल चाटला. या बारीला मी तोंडच उघडलं न्हाई.

प्राचार्य जिलबी हातात घेऊन आत आले आन उभ्यानंच बोलले, की मंडळी, हा आजोबांच्या वात्सल्याचा सुगंध हाय. तो मुताचा होता.

आता पिल्लं पळती झाली. चौघं चांगल्या घरी गेली. चिरंजीव इथंच ऱ्हायला, कापसाबिगर सगळं करतो, माझ्या चपलेत करतो. जगू दे म्हणलं, नावासारखा जगू दे, चपला मिळतात बाजारात. सूनबाईनं ठरवलंय की तो शर्ट फ्रेम करून दारावर पितळी पाटीशेजारी लावायचा. मी म्हणलं लावा, पण काच नीट बसवून घ्या. शर्ट अजून धुतलेला न्हाई.