भट्टीवाल्याचा डोळा

— नाही हो डॉक्टरबाई, त्रास असा काहीच नाही. त्रास असता तर आपणहून नसतो का आलो? कंपनीचा कागद आहे, ‘भट्टीवर काम करण्यास दृष्टी योग्य’ असं छापलंय, त्याखाली तुमची सही, शिक्का, की झालं काम. दरवर्षी होतं हे. तुमच्या आधी इथे बसायचे ते डॉक्टर तर मला दारात बघूनच पेन काढायचे — म्हणायचे, तुमचे डोळे मी काय तपासायचे, तुम्हीच माझे तपासा. देवमाणूस. निवृत्त झाले म्हणे मागच्या महिन्यात? हं. नाही, सहज विचारलं. बसतो, बसतो. याच खुर्चीत ना? घाई आहे असं नाही, पण पाच वाजता ऑफिस बंद होतं आणि कागद आजच द्यायचाय — बाहेर? बाहेर बाकावर बसलाय तो? आहे आमच्यातलाच एक. गाडीवरून सोडलं त्यानं मला. म्हणाला, एकटे नका जाऊ, डोळ्यांत औषध घातलं तर परत कसे याल. मी म्हटलं, औषध कशाला घालतील, नुसती सही तर करायचीय. तरी आला. स्वभावच आहे त्याचा तसा.

खोली जरा अंधारीच ठेवलीय तुम्ही. असू दे, माझी काही हरकत नाही. एकतीस वर्षं मी अंधारात उभा राहून उजेडाकडेच बघत आलोय. तुम्हाला माहीत आहे का सिमेंट कसं होतं? सगळ्यांना वाटतं, दगड दळला की झालं सिमेंट. नुसतं दळून होत असतं तर काय हवं होतं? आधी तो भाजावा लागतो — साठ मीटर लांबीची लोखंडी नळी, आडवी, आतून विटांचं अस्तर, आणि ती सबंध नळी गरागरा — गरागरा नाही, सावकाश — फिरत असते, थांबतच नाही. एका तोंडातून चुनखडीची पूड येते, दुसऱ्या तोंडातून आम्ही जाळ फेकतो, आणि त्या जाळात पुडीचे गोळे होतात. ते गोळे मग दळायचे. तर त्या जाळाच्या तोंडाशी तळहाताएवढं भोक असतं. तिथे निळी काच धरायची आणि बघायचं. निळी का, तर उघड्या डोळ्यांनी बघाल तर भर दुपारच्या सूर्याकडे बघितल्यासारखं होईल, काही कळायचं नाही. निळ्या काचेतून मात्र जाळ बोलतो. पांढरट पिवळा असला की ठीक, लालसर झाला की भट्टी गारठली, आणि पांढराशुभ्र, टोचणारा झाला की समजायचं, आतल्या विटांना सोसत नाहीये, आवरा. आता कॅमेरे आहेत, पडदे आहेत, आकडे आहेत, पण जरा काही बिनसलं की पडद्यापुढचे इंजिनिअर काय म्हणतात? निळेकाकांना बोलवा. मला निळेकाकाच म्हणतात तिथे. खरं नाव सांगितलं तर गेटवरचा सुद्धा विचारेल, कोण हा.

आणि जाळ कशाचा, तर कोळशाचा. पिठासारखा दळलेला, हवेच्या झोतानं आत फुंकलेला. कोळसा कसा — काळा असला तरी सरळमार्गी. काल जसा जळला तसाच आज जळणार, तुम्हाला फसवणार नाही. माझ्या रुमालाला कोळसा, उशीला कोळसा, डब्याच्या झाकणाला कोळसा. बायको होती तेव्हा म्हणायची, हा माणूस नीट धुतला तर आतून कोण निघेल कुणास ठाऊक. मग वरून हुकूम आला, कोळसा कमी करा. धूर फार होतो, कोळसा लांबून आणावा लागतो, आणि इकडे शहराबाहेर कचऱ्याचे डोंगर साचलेत, ते जाळा. आता मला सांगा — प्लॅस्टिकच्या पिशव्या, फाटक्या गाद्या, चपला, पुठ्ठे, चिंध्या, सगळं बारीक कातरायचं आणि भट्टीत. मी म्हटलं, इतकी वर्षं भट्टी सांभाळली ती काय शेवटी उकिरडा करायला? पण — खोटं कशाला बोलू — पेटायचं छान. नीट वाळवलेलं असलं की कोळशाच्याही वरचढ. पहिल्या वर्षी दहातला एक हिस्सा कोळसा वाचला, यंदा तीन. हे सगळं ज्यानं बसवलं, तो कचऱ्याचा साहेब — सगळे असंच म्हणतात त्याला, तोही हसतो — तो रोज मूठभर कातरण घेऊन माझ्यापुढे उभा राहायचा, मुठीत चुरगाळून दाखवायचा, काका, बघा, ठणठणीत कोरडं आहे. मी हं म्हटल्याशिवाय पट्ट्यावर घालायचा नाही. त्याला काही गरज नव्हती हो मला विचारायची. मोजायचं यंत्र आहे त्याच्याकडे.

टॉर्च? मारा की. वर बघू? खाली? हं… कधीपासून म्हणजे? काही झालंच नाहीये तर कधीपासून कुठून सांगू? काच खराब आली होती, एवढंच. दोन वर्षं झाली. निळी काच जास्तच काळपट वाटायला लागली, म्हणून स्टोअरवाल्याला झापलं, दुसरी मागवली. तीही तशीच. मग तिसरी. तो म्हणाला, काका, त्याच कंपनीची, त्याच पेटीतली काच आहे ही. म्हटलं, हल्लीचा मालच तसला. घरी ट्यूबभोवती धुकं दिसायचं, तर मोठीला म्हटलं, ही ट्यूब बदल. मोठी म्हणजे माझी मुलगी. एकच आहे, पण मोठीच म्हणतो. तिनं बदलली बिचारीनं. नात चित्रं रंगवते, विचारते, आजोबा, हा कुठला रंग? मी म्हणतो, तूच सांग बघू. सांगते ती, पोरांना आवडतं सांगायला. त्यात काय एवढं? वयाला थोडंफार होणारच. तुम्ही काय लिहिताय?

तर काय सांगत होतो — कोरडं. नाही, ओलं. त्या दिवशी ओलं होतं, मी तसंच लिहिलंय. तीन आठवडे झाले त्याला. दुपारची पाळी माझी. भोकातून बघितलं तर जाळ मंद, लालसर, मेलेला. पडद्यावरचा आकडा म्हणतोय, भट्टी तापलीय. इंजिनिअर म्हणाला, काका, आकडा वर चाललाय. मी म्हटलं, कॅमेऱ्यावर धूळ बसली असेल; आकडा खरा की माझा डोळा खरा? आता यावर तो काय बोलणार? म्हणाला, तुमचा डोळा. मग कोळसा वाढवला मी. मंद जाळाला कोळसा देतात, यात चूक काय आहे? पुन्हा बघितलं, तरी लालसरच. अजून वाढवला. पाळी संपायच्या आत बाहेरून एकजण पळत आला, नळीच्या पाठीवर लाल डाग दिसतोय म्हणून. पाठ लाल झाली म्हणजे आतल्या विटा गेल्या, लोखंड उघडं पडलं. भट्टी थांबवली. बाई, एवढी मोठी नळी फिरायची थांबते ना, तेव्हा जे गप्प होतं सगळं, ते ऐकवत नाही. बारा दिवस बंद. नशीब, कुणाला लागलं नाही.

मग अहवाल. मी लिहिलं, कचरा ओला होता, जाळ मंद पडला, म्हणून कोळसा वाढवावा लागला, आणि त्या ओढाताणीत विटा पडल्या. आता कचऱ्याच्या साहेबाच्या वहीत त्या दिवसाचा ओलावा लिहिलेला आहे, शंभरात अकरा. म्हणजे कोरडंच झालं की. पण वही कोण बघतो, डोळा बघतात. बैठकीत मोठ्या साहेबांनी त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं? तो बोलायच्या आत मीच बोललो — नाचता येईना अंगण वाकडं, असं आहे साहेब यांचं. सगळे हसले. का बोललो मी तसं? काही गरज होती? आणि त्यानं काय करावं — वही उघडून धरली होती त्यानं, ती मिटली, आणि म्हणाला, काकांनी बघितलं असेल तर तसंच असेल, माझ्याच मोजण्यात चूक झाली असेल. भांडला असता तर बरं झालं असतं हो. चार शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, मोकळं झालं असतं. घरी आलो तो जेवलोच नाही. पंधरा मिनिटांनी जिना उतरून हाच खाली आला विचारायला, बाबा, बरं नाही का तुम्हाला?

बाबा म्हणजे — हो. घरी बाबा म्हणतो, कारखान्यात काका. जावई आहे माझा. मी नाही का सांगितलं? राहून गेलं असेल. मोठीचा नवरा. वरच्या मजल्यावरच राहतात. हो, तोच, बाकावरचा.

उद्या चौकशी आहे. म्हणून तर हा कागद आज पाहिजे, त्या पाळीतल्या सगळ्यांकडून मागितलाय. माझा डोळा ठीक ठरला तर माझा अहवाल खरा — मग कचऱ्याची शेड बंद, सगळं परत कोळशावर, आणि त्याला घरी बसवतील. आणि डोळा ठीक नाही ठरला, तर मी घरी. सहा महिने राहिलेत माझे. फक्त सहा. डोळा काढून घेतला तर निळेकाकात उरतं काय, सांगा ना? त्याचं काय, तरुण आहे, शिकलेला आहे, मिळेल दुसरीकडे — असं मी मनात म्हणतो आणि मलाच पटत नाही. काल मोठीनं विचारलं, बाबा, तुम्ही खरंच ओलं बघितलंत ना? मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही तुझा? म्हणाली, आहे, म्हणून तर विचारते. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. लाज वाटते, बाई. लाज वाटते आणि तरी सही पाहिजे, दोन्ही एकदम.

बरं, ते जाऊ दे. तुम्ही तपासा. डावा झाकू? झाकला. पाटी समोरच्या भिंतीवरचीच ना? तीच जुनी आहे, छान, शिक्का मिळेपर्यंत दरवर्षी हीच बघत बसायचो. वाचतो. वर ग. त्याखाली त, प. त्याखाली न, र, ध. पुढची म, क, च, ल — बघा, चष्म्याशिवाय. पुढची ब, स, ज, ट, व. आणि अगदी तळाची, जी कुणालाच येत नाही, तीही सांगतो — द, ह, भ, य, ण, फ. झालं? आता उजवा झाकून डाव्यानं — काय झालं? उठलात कशाला?

हा खटका कसला वाजला?

आत्ता लावलात? पाटीमागचा दिवा तुम्ही आत्ता लावलात?

म्हणजे मगाशी मी… हं. एकतीस वर्षं लोकांना सांगतोय, जाळ चांगला पेटलाय, जाळ बरोबर नाही, आणि समोर दिवा लागलाय की नाही तेच — हसा, हसलात तरी चालेल. नाही हसत? मग बोला काहीतरी.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. चांगलाच वाढलेला. बरं. भट्टीपाशी काम करणाऱ्यांना होतो म्हणता, लवकर होतो. बरं. आणि मग पुढे — किती? अर्धा तास? एका डोळ्याला अर्धा तास, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची आणि दिसतं? निळं निळ्यासारखं दिसतं? मला वाटलं होतं, हे आता कायमचं. कुणाला विचारलंच नाही मी, विचारलं की कळेल ना सगळ्यांना. अर्ध्या तासाच्या कामाला दोन वर्षं लपवत बसलो. दोन काचा बदलल्या, एक कॅमेरा खोटा पाडला, आणि एक जावई.

लिहा. अयोग्य लिहा. नाही, थांबा जरा… लिहा. दोन वर्षांपासून, तेही घाला, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचा तो दिवस त्यात येतो. झालं? मोठ्या अक्षरात लिहिलंत ना? मग आता त्याला आत पाठवा. तुम्ही काही सांगू नका, मी सांगेन. सांगता येईल मला. त्याच्या तोंडाकडे बघून मात्र नाही जमायचं. तो दिवा तेवढा बंद करा, आणि तुम्ही जरा वेळ बाहेर बसा.