मशीनची शिकवनी

—न्हाई न्हाई, पाय खाली सोडू नका ताई, पाटावरच ऱ्हाऊ द्या, सुजंल न्हाईतर. मुरगळलाय नुसता, मोडला असता तर तुमी अशा गप बसला नसता. जाऊ द्या तुमच्या मैत्रिनींना राजगडावर, पाली दरवाज्यानं वर जायाला दोन तास, वर फिरायला तेवढंच, दुपार टळल्याबिगर काय त्या येत न्हाईत. तंवर बसा माज्यापाशी, म्या भाकरी थापती, तुमी ऐका. पिठल्याला जरा वेळ हाय — काय झालं, पयल्या पातेल्यात म्या दोनदा मीठ घातलं. पंचवीस वरसं झाली ही खानावळ चालवतीय, गडावर येनाऱ्यांना जेवू घालतीय, कधी असं झालं न्हाई. हसा, हसा, मी पन सकाळधरनं एकटीच हसतीय. आमचे मालक म्हनले, वनिता, कुनी बगितलं तर काय म्हनंल. म्हनलं, म्हनू दे. माजी सून एम.टेक. झाली, परवा शुक्करवारी, पुन्यात. आय.टी. मदी. तुमी पन त्यातल्याच की व्हय? मला वाटलंच. रविवारी हितं धा जन आले तर नऊ कंप्युटरवाले असत्यात, आन धावा त्यांचा सायेब.

राजनंदिनी नाव तिचं. माहेर भोरचं. आमच्या अजितची बायकू — अजित शिरवळला कंपनीत हाय, शिफ्टवाल्या ड्युटीला. लग्न ठरलं तवाच ती कंप्युटरची इंजिनेर झालेली हुती. म्या पत्रिका वाटताना घरोघर सांगत गेले, सून इंजिनेर हाय, सून इंजिनेर हाय. मग हितं आल्यावर लागली चुलीवर भाकरी थापायला, आन थापायची बी चांगली, खोटं कशाला बोलू. पन जरा हात मोकळा झाला की पुस्तक. ज्वारीच्या पोत्यावर बसून पुस्तक. म्या इचारलं, कशाचं? तर म्हनली, आत्या, गेटचा अभ्यास करतीय. आता मला काय ठाव — म्या म्हनलं, फाटकाला कशाला अभ्यास लागतो? अजित हसून हसून लोळला. मग तिनं सांगितलं, की ही परीक्षा असती, एम.टेक.ला जायाची. झाली पास. म्या आख्ख्या आळीला सांगितलं, आमच्या राजनंदिनीचं गेट झालं. आमचे चुलत दीर गेनबाभाऊ आले तर आदी आंगनाकडंच बगाया लागले, कुठं बसवलं म्हनून.

तर मग ती गेली पुन्याला, कॉलेजात. शनिवारी यायची, सोमवारी पहाटच्या यस्टीनं जायाची. येक वरीस झालं, आन मग आली येकदा सांगत, आत्या, मला प्रोजेक्ट करायचाय, त्याला तुमी पायजे. म्हनलं मी? मी सातवीतनं काढलेली बाई. तर म्हनली, तुमचं बोलनं पायजे. — समजलं का तुमाला? तुमी त्यातल्या, तुमाला लगीच समजंल, मला चार दिस लागले. आता फोनवर बोललं की मशीन लिहून काढती ना, तर ती मशीन पुन्याच्या लोकांचं बोलनं लिहिती, आमचं तिला कळत न्हाई. ही म्हनली, आपल्या मावळातल्या बोलीची तिला शिकवनी लावायची. मशीनला शिकवनी, आन मास्तरीन कोन, तर मी.

पयल्या दिवशी माईक लावला हितं पदराला, म्हनली, बोला. म्या म्हनलं, म्या हितं भाकरी केली. मशीननं काय लिहावं? "मेहता भाकरी केली." आईशप्पत. म्या म्हनलं, आमच्या घरात कोन मेहता? पुन्यांदा म्हनलं, म्या हितं धुनं धुतलं. "मेहता धुनं धुतलं." आमचे मालक चहा पीत हुते, त्यांच्या नाकातनं चहा आला. आठ दिवस घरात समदे मला मेहताच म्हनायचे. मेहता, पानी द्या. मेहता, म्हस सुटली. राजनंदिनी पन हसायची, पन तिचं हसताना बी डोकं चालू — लिहून घ्यायची वहीत, कुठं चुकलं, किती चुकलं. शेकडा चाळीस शब्द चुकायचे म्हनं तवा. मग काय, वरीसभर बोलतच हुते मी. दळताना बोलले, भात लावताना बोलले, म्हशीसंगं बोलले. आमच्या पाली गावातल्या समद्या बाया बोलल्या, सरूबाई बोलल्या, रतनबाई बोलल्या, पन सगळ्यात जास्ती माजं — चौतीस तास. मालक म्हनले, चौतीसच? आन ही आपली कानाला लावून येक-येक शब्द ऐकायची आन हातानं लिहायची, आत्या इथं "व्हय" म्हनल्यात, हितं श्वास घेतलाय, हितं कोंबडं आरडलंय. तसं सगळं बरूबर लिहून मशीनला द्यायचं, तवा ती शिकती. येवढी माजी बोलनी माज्या नवऱ्यानं बी ऐकली न्हाईत जन्मात.

ही घ्या, पयली भाकरी, गरम हाय तंवर. ठेचा जपून.

तर शुक्करवारी तोंडी परीक्षा. मला म्हनली, आत्या, चला, तुमी पायजे. म्या ठेवनीतलं लुगडं नेसले, वेल्ह्यातनं यस्टी, स्वारगेट, तितनं रिक्षा. मोठी खोली, गार हवा, पुढं पाच सर बसलेले, त्यातले येक बाहेरनं आलेले, पांढरे केस, कुनाशी हसेनात. ही उभी ऱ्हायली आन इंग्रजीत बोलाया लागली, आन ताई, काय बोलली, नुसती नदी. मला येक शब्द कळला न्हाई, फकस्त मधी मधी "वेल्हे तालुका" आला की मी मान हलवायची. मग ते पांढऱ्या केसांचे म्हनले, सगळं कागदावर ठीक हाय, पन प्रत्यक्ष दाखवा. नवीन बोलनं, आदी पढवलेलं न्हाई. आन हिनं माजा हात धरला आन मला पुढं नेलं. म्हनली, ह्या माज्या सासूबाई. माईक दिला. भिताडावर मोठा पडदा, पांढरा. म्हनली, आत्या, मनात येईल ते बोला.

काय बोलले? काय न्हाई, आपलं... भाकरीचंच बोलले. तांदळाची, नाचनीची. ते जाऊ द्या. मशीननं लिहिलं ना बरूबर, झालं. येक शब्द चुकला न्हाई. ते सर उठले, पडद्याजवळ गेले, येक-येक शब्दावर बोट ठेवलं, आन म्हनले, शंभर टक्के. "म्या" बरूबर, "हुता" बरूबर, "न्हाई" बरूबर. मग भाईर बसवलं आमाला धा मिंटं, आन परत बोलवून सांगितलं, अभिनंदन. मी तितंच खाली बसले फरशीवर. आन हसू यायला लागलं ते अजून थांबंना. ते कडक सर मला म्हनले, मावशी, एम.टेक. तुमचं पन झालं. म्या म्हनलं, मग मला बी टोपी द्या.

व्हय? "हुता" कुठं आला भाकरीत? — तुमी लई बारीक ऐकताय ताई. भाकरी केली, भाकरी हुती... व्हय, हुता न्हाई येत त्यात. खरं हाय.

आता सांगूनच टाकती, तुमी काय हितल्या न्हाई. ती म्हनली ना, मनात येईल ते बोला — आन माज्या मनात तीन वरसं येकच हुतं. म्हंजे कसं, गेट ती दोनदा पास झाली. दोनदा. पयल्या खेपंला पन लागलं हुतं कॉलेज. सीट पक्की करायची शेवटची तारीख हुती, पाच वाजंपतुर, फोनवर आकडे येत्यात ते टाकायचे असत्यात, ओटीपी. आन पालीत तिच्या फोनला रेंज न्हवती, माज्याच फोनला येती, म्हनून फारमावर माजा नंबर; खानावळीची गिऱ्हाइकं बी त्याच फोनवर सांगत्यात, म्हनून फोन माज्यापाशीच ऱ्हायला. ती सकाळीच वेल्ह्यात नेटच्या दुकानात जाऊन बसली, म्हनली, आत्या, आकडे आले की मला तितल्या दुकानाच्या फोनवर सांगा. म्या म्हनलं, व्हय. आन ती वळनाआड गेली, आन म्या फोन बंद केला, डब्यात घातला, आन यस्टीत बसून भाटघरला भैनीकडं गेले. सखूबाईकडं. काय काम न्हवतं. दिवसभर धरनाच्या कडंला बसून ऱ्हायले तिच्यासंगं, तिला बी बोलले न्हाई. सांजच्याला घरी आले आन म्हनलं, बॅटरी गेली बाई, मला काय कळतंय त्यातलं.

कशाला केलं? तुमी इचारनारच. पावसाळ्याचे दिस, गडावर जत्रा, दोनशे भाकरी रोजच्या, म्हनलं येकटीनं कसं करू — हे म्या तवा सोताला सांगितलं. पन खरं ते न्हाई. ती गेली की अजित जायाचा. पुन्यात खोली घ्यायचा. आमच्या आळीत पाच घरांना कुलूप हाय ताई, दिवाळीला उघडत्यात. मला सहावं न्हवतं करायचं. आन अजून येक... मला सातवीत काढलं तवा म्या रडले न्हवते कुनापुढं. ही आपली पोत्यावर बसून वाचायची, आन मला कुठंतरी टोचायचं. हे म्या कदी बोलले न्हवते. आता तुमच्यापुढं आलं तोंडातनं.

तर माईक हातात, आन म्या म्हनलं, म्या माजा फोन बंद केला हुता, बॅटरी गेली न्हवती, हिची सीट म्या घालवली, हिला ठाव न्हाई. आन मशीन लिहीत गेली भिताडावर, येवढाली अक्षरं, म्या बोलंल तसं, येक बी काना चुकला न्हाई. पाची सर वाचत्यात, ती बी वाचतीय. मेहता नाव आलं असतं तरी चाललं असतं मला. आन राजनंदिनी काय म्हनली म्हाईत हाय का? पडदा शेवटपतुर वाचला आन म्हनली, "सर, शब्द तपासून घ्या." बास.

येताना यस्टीत शेजारी बसलो. मी हसतीय, रडतीय, काय कळंना. नसरापूर गेल्यावर ती बोलली. म्हनली, "आत्या, त्या दिवशी मी पाच वाजेपर्यंत सारखा फोन लावत होते. पाच वाजल्यावर सीटचं विसरले मी. मला वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं." आन खिडकीकडं तोंड केलं ते वेल्हं येईपतुर. चौतीस तास बोललेली बाई मी, आन तितं नुसत्या तिकिटाच्या घड्या घालत बसले.

न्हाई, रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. काल सकाळी चुलीपाशी आली, म्हनली, त्याच मोठ्या सरांनी पीएचडीचं सांगितलंय, फारम भरते. आन मोबाईल हातात धरून म्हनली, "आत्या, नंबर कुणाचा टाकू?" म्या चुलीत लाकूड सारलं. म्हनलं, तुजा टाक बाई, न्हाईतर अजितचा टाक. ती म्हनली, "रेंज तुमच्याच फोनला येते." आन टाकला. माज्यादेखत. धाच्या धा आकडे, मला न इचारता, तोंडपाठ.

तवाधरनं ह्यो फोन म्या असा कमरंला खोचून फिरतीय. आंघुळीला जाताना बी मोरीच्या भिताडावर ठेवती. चार्जर लावून तितंच बसती. हसा, हसा.

आता हे पालीत कुनाला ठाव न्हाई, बरं का. मालकांना न्हाई, अजितला न्हाई, सखूला बी न्हाई. पुन्यातल्या पाच सरांना आन आता तुमाला. कशाला बोलले मी येवढं, कुनी इचारलं हुतं — ती आली. बोअरचं पानी घिऊन येतीय बगा, पिवळ्या वढनीतली, तीच. ताट वढा पुढं. पिठलं घ्या. जेवा आता, बोलू नका.